फायर अलार्म पॅनलवर पिवळा सुपरवायझरी लाइट लागलाय पण हूटर वाजत नाहीये, पॅनल बिघडलंय का?

नाही हो, पॅनल बरोबर काम करतंय. सुपरवायझरी म्हणजे आग नाही आणि वायरिंगचा फॉल्टही नाही, आग विझवणारी यंत्रणा गरज पडली तर चालेल ना त्यावर नजर ठेवणारा सिग्नल आहे तो. बहुतेक वेळा कारण एकच, स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह कुणीतरी प्लंबिंगच्या कामासाठी बंद केला आणि परत उघडायला विसरला. व्हॉल्व्हवर टॅम्पर स्विच असतो, चाक दोनेक फेरे फिरलं की तो पॅनलला कळवतो. टाकीतलं पाणी कमी होणं, फायर पंपाची वीज जाणं, ड्राय सिस्टिममधला (जिथे पाइपमध्ये पाण्याऐवजी हवा भरलेली असते) हवेचा दाब घसरणं, हेही त्यातच येतं.

वायर तुटली, बॅटरी उतरली तर ट्रबल येतो, तो वेगळा, त्यालाही पिवळाच लाइट असतो म्हणून लोकांचा घोळ होतो, तेव्हा डिस्प्लेवर काय लिहिलंय ते आधी वाचा.

सुपरवायझरी आला की पॅनल आतला बझर वाजवतं, कुठल्या पॉइंटवरून आलं ते दाखवतं, लॉगमध्ये वेळ टाकतं आणि बाहेरून मॉनिटरिंग होत असेल तर तिकडेही कळवतं. ॲकनॉलेज दाबलं की फक्त आवाज थांबतो, लाइट तसाच राहतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर काही पॅनलवर तो आपोआप जातो, लॅचिंग (सिग्नल धरून ठेवणारं) सेटिंग असेल तर रीसेट करावं लागतं. मधेच खरा अलार्म आला तर तो आधी, सुपरवायझरी मागे.

आणि कृपा करून नुसता बझर गप्प करून जाऊ नका, व्हॉल्व्ह बंद असेल तर त्या भागातले स्प्रिंकलर नुसते शोभेचे.