साठीच्या उंबरठ्यावर हायरॉक्समध्ये उतरावं का?

वय ५८, रत्नागिरीत राहता, रोज चालता, जवळ धड जिम नाही. अशात हायरॉक्सला, म्हणजे धावणं आणि ताकदीची कामं आलटून-पालटून करायच्या शर्यतीला, नाव घालणं शहाणपणाचं आहे का, असं तुम्ही विचारलंय. जरूर घाला. मी ६१ वर्षांची, मालवणची. मे २०२५ मध्ये मुंबईत भारतातली पहिली हायरॉक्स झाली, तिच्यात मी आणि माझी जाऊ जोडीने उतरलो. जोडीत आठही किलोमीटर दोघांना धावावे लागतात, मधली कामं मात्र वाटून घेता येतात. पहिल्या खेपेला तुम्हीही जोडीदार बघा.

एक किलोमीटर धावायचं, एक काम करायचं, असं आठ वेळा. पुरुषांच्या ओपन गटात ढकलायची स्लेड, म्हणजे वजन लादलेली घसरगाडी, १५२ किलोची, ओढायची १०३ किलोची. आकडे वाचून छाती दडपते, पण आपल्या वयाला वजनापेक्षा नडतं ते खाली जाऊन पुन्हा उठणं. ८० मीटर बर्पी ब्रॉड जंप, म्हणजे पालथं पडायचं, उठायचं आणि पुढे लांब उडी मारायची, दर वेळी छाती जमिनीला. पुढे खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन १०० मीटर लंजेस, म्हणजे गुडघे वाकवत टाकायची लांब पावलं, पावलागणिक मागचा गुडघा टेकलाच पाहिजे. शेवटी १०० वॉल बॉल, बैठक मारून उठताना जड चेंडू भिंतीवरच्या खुणेला मारायचा, म्हणजे शंभर बैठका. म्हणून सराव तिथूनच सुरू करा. मी पहिला महिना नुसती जमिनीवर बसून हात न टेकता उठत होते. भाजी चिरायला ओटा सोडून पुन्हा विळीवर बसायला लागले.

स्लेड ओढायला मला मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढताना, शिकायला मिळालं. मी दोरी हातांनी खेचत होते. शेजारचे म्हातारे रापणकर म्हणाले, "बाय, हातान नको, कमरेन वोड." टाचा वाळूत रोवायच्या, हात सरळ ठेवायचे आणि अंग मागे झोकायचं, दोरी आपोआप येते. मुंबईत स्लेड ओढायला आखून दिलेल्या चौकोनात उभी राहून मी तेच केलं.

धावायला भाट्याचा किनारा आहेच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी असते, तेव्हा ओली, घट्ट वाळू मिळते. अष्टमीच्या दिवसांत त्या वेळी भरती, मग रस्ता धरा. किनारा उतरता असतो, म्हणून जेवढं एका दिशेला तेवढंच उलट धावा, नाहीतर एकाच गुडघ्यावर भार येतो.

एक चूक मात्र करू नका. मी उत्साहात रोज लंजेस केले. सहाव्या दिवशी डावा गुडघा सुजला, तीन आठवडे घरी बसले. या वयात स्नायू सावरायला वेळ लागतो. जड सराव आठवड्यातून दोनदाच, मध्ये दोन दिवस तरी सोडून.

आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. नुसत्या शहाळ्यावर राहू नका. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. मी धावून आले की मीठ घातलेली पेज पिते. आणि पैसे भरण्याआधी डॉक्टरांना दाखवून रक्तदाब आणि हृदयाची स्ट्रेस टेस्ट करून घ्या, हे टाळू नका.

वॉल बॉलसाठी घराच्या जांभ्याच्या भिंतीवर ३ मीटर उंचीला चुन्याची खूण करा. आम्हा बायकांची २.७० मीटरवर असते. मुंबईत आम्ही दहा-दहा वाटून घेतले होते. शेवटचे दहा जाऊबाईंनी मारले, मी मोठ्याने मोजत होते.