वाचकांचे प्रश्न : हिरडा, बांधावरची माती आणि नरक्या

प्रश्न : आम्ही बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. प्रकल्पासाठी आम्ही हिरड्याचा अल्कोहोलमध्ये अर्क काढला आणि त्यात बुडवलेल्या कागदी चकत्या स्टॅफिलोकॉकस हे जीवाणू पसरलेल्या पेट्री डिशमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी चकत्यांभोवती जीवाणू न वाढलेली स्वच्छ वलये दिसली. शेताच्या बांधावरील मातीतूनही खडूच्या भुकटीसारख्या वसाहती मिळाल्या आहेत. यातून नवे औषध मिळू शकेल का?
— एक विद्यार्थिनी, जुन्नर

उत्तर : तुमच्या पत्रात एका चकतीचा उल्लेख नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. नुसत्या अल्कोहोलमध्ये बुडवून पूर्ण वाळवलेली चकती त्याच डिशमध्ये ठेवली होती का? चकती ओली राहिली, तर अल्कोहोलच जीवाणूंना मारते आणि त्याचे श्रेय अर्काला मिळते.

दुसरी अडचण हिरड्याचीच आहे. तुमच्या भागात बाळहिरडा गोळा करून विकणारी अनेक कुटुंबे आहेत, त्यामुळे हे फळ कातडी कमावण्यासाठीही वापरतात हे तुम्हाला ठाऊक असेल. त्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्याच्या प्रथिनांना घट्ट धरते. डिशमध्ये ते जीवाणूंच्या प्रथिनांनाही तसेच धरते आणि वलय उमटते. पण जे कोणत्याही प्रथिनाला चिकटते, त्याचे पोटात घेण्याजोगे प्रतिजैविक होणे अवघड असते. म्हणून अल्कोहोल उडवून अर्क पाण्यात घ्या, त्यात जिलेटिनचे द्रावण घाला, टॅनिनचा साका खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणी पुन्हा तपासा. वलय तरीही टिकले, तर पुढील काम करण्याजोगे आहे : अर्काचे भाग वेगळे करायचे, प्रत्येक भाग तपासायचा, आणि ज्यात गुण उतरला त्याचेच पुन्हा भाग पाडायचे.

अर्क कसा काढला, यालाही मोठे महत्त्व आहे. चीनच्या संशोधक तू यूयू यांना मलेरियावरील वनस्पतीच्या उकळलेल्या अर्कातून खात्रीचा परिणाम मिळत नव्हता. चौथ्या शतकातील एका ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून काढावी असे लिहिलेले त्यांनी वाचले, उष्णतेने गुण जात असावा असे ओळखले आणि कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले. त्यातून आर्टेमिसिनिन हे मलेरियावरील औषध हाती आले आणि २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. काढा म्हटला की उकळायचाच, ही आपली सवय प्रयोगशाळेत बाजूला ठेवावी.

मातीतील वसाहतींबद्दल मला अधिक उत्सुकता आहे. खडूसारख्या, कोरड्या, सुईने उचलताना आगरमधून (डिशमधील जेलीसारख्या थरातून) सहज न सुटणाऱ्या आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असलेल्या वसाहती बहुधा स्ट्रेप्टोमायसिस या जीवाणूंच्या कुळातील असतात. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये याच कुळातून मिळाले. आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेले बुरशीरोधक हॅमायसिनही याच कुळातील जीवाणूचे. त्या जीवाणूचे स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हे नाव पिंपरीवरूनच पडले. मात्र आज सापडणारे बहुतेक गुणी रेणू आधीच माहीत असलेले निघतात, त्यामुळे नव्या औषधाची शक्यता कमी आहे, हे मनाशी धरूनच काम करा. वसाहत ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवा, माती कुठून आणि किती खोलीवरून घेतली ते लिहून ठेवा, आणि वसाहतीची एक रेघ ओढून पाच-सहा दिवसांनी तिच्या काटकोनात निरनिराळे जीवाणू ओढून पाहा. कोणता जीवाणू रेघेपासून किती दूर थांबतो, यावरून पुष्कळ कळते.

प्रश्न : आमच्या रानात नरक्याची झाडे आहेत. त्यात कर्करोगाचे औषध असल्याने सालीचा काढा घ्यावा, असे नातेवाईक सांगतात. घ्यावा का?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : कृपया घेऊ नये. नरक्यात कॅम्प्टोथेसिन हा कर्करोगाच्या पेशींना मारणारा रेणू आहे, हे खरे आहे. हा रेणू प्रथम १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळा केला. नरक्यात तो नंतर सापडला. परंतु रुग्णांवरील पहिल्या चाचण्या सोडून द्याव्या लागल्या, कारण तीव्र जुलाब, मूत्राशयातून रक्तस्राव आणि रक्तपेशींची घट असे त्रास झाले. आज दवाखान्यात देतात ती टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे त्या रेणूत फेरफार करून बनवलेली आहेत, आणि तीही रक्त तपासत, मोजून, बहुतेकदा शिरेतून दिली जातात. काढ्यात रेणू किती उतरला, हे घरी मोजता येत नाही. शिवाय मागणीपायी सह्याद्रीतील ही झाडे फार तोडली गेली आहेत. घरातील रुग्णाने काढा आधीच घेतला असेल, तर केमोथेरपीचे पुढील सलाइन लावण्यापूर्वी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा.