मुलांना सोबत घेऊन आठवडी बाजारात जुन्या वस्तू विकायला बसावे का? त्यातून मुले काय शिकतात?

घरातील जुने सामान घेऊन नऊ आणि बारा वर्षांच्या मुलांसह बाजारात बसावे का आणि त्यातून मुलांच्या पदरी काय पडते, असे आपण विचारले आहे. छत्रपती संभाजीनगरात जाफर गेटला रविवारी जो बाजार भरतो, तेथे मी मुलीला व मुलाला घेऊन बसत असते. त्या अनुभवावरून सांगते की अवश्य बसावे. मात्र विक्री मुलांना करू द्यावी आणि ज्यांचे पोट त्या बाजारावर आहे, त्यांचे आपल्या हौसेपायी नुकसान होऊ देऊ नये.

शाळेत बाल आनंद मेळावा होतो, मुले भेळ-सरबत विकतात, तेवढ्याने व्यवहारज्ञान येते असे अनेक पालकांना वाटते. मेळावा चांगलाच असतो, पण तेथील गिऱ्हाईक म्हणजे आई-वडील आणि गुरुजी. ते घासाघीस करत नाहीत आणि भेळ खारट झाली तरी कौतुकच करतात. बाजारातले गिऱ्हाईक अनोळखी असते आणि त्याच्या खिशातला रुपया त्याच्या कष्टाचा असतो.

एकदा आम्ही जुना कुकर मांडला होता. खेड्यावरून आलेल्या एका आजोबांनी झाकण लावून फिरवले, रिंग बोटाने दाबली, कुकर पालथा करून बुडाला टिचकी मारली आणि ‘अडीचशे लावा’ म्हणाले. मुलाने चारशे सांगितले होते. त्याने माझ्याकडे पाहिले, मी गप्प राहिले. मग तोच म्हणाला, “आजोबा, रिंग ढिली झालीय, ती नवी घ्यावी लागेल. तीनशे द्या.” आजोबांनी शिट्टीही तपासून घेतली आणि तीनशे मोजले. दोष आपणहून सांगितला की भाव थोडा उतरतो, पण गिऱ्हाईकाचा विश्वास बसतो, ही गोष्ट घरी कितीही सांगून त्याला इतकी पटली नसती. त्या वेळी आपण मध्ये बोललो, की गिऱ्हाईक मुलाला सोडून आपल्याशी बोलू लागते आणि मुलाचे शिकणे तेथेच थांबते.

कोणती वस्तू खपते, हेही मुलांना तेथेच कळते. शोभेच्या वस्तू आणि तुटकी खेळणी कोणी उचलत नाही. स्टीलचे डबे, बादल्या, चालू स्थितीतील मिक्सर, लहान सायकल आणि थंडीत स्वेटर यांना लगेच मागणी येते. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी शहरात खोली करून राहणारी मुले टेबल, खुर्ची, इस्त्री शोधत फिरतात. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळत असल्याने त्यांना फारसे कोणी विचारत नाही, दहावी-बारावीची मात्र विकली जातात. माझ्या मुलीने तिच्या आवडत्या बाहुलीचा भाव मोठ्या मायेने ठरवला होता. दिवसभरात तिच्याकडे कोणी पाहिलेही नाही आणि शेजारी पडलेले गंजके कडी-कोयंडे भराभर गेले, तेव्हा आपल्या जिव्हाळ्यावर भाव ठरत नाही, घेणाऱ्याच्या गरजेवर ठरतो, हे तिला उमगले. सायकल किंवा मिक्सर नेणार असाल, तर जुनी पावती जवळ ठेवा. माल चोरीचा तर नाही ना, अशी शंका गिऱ्हाईकाला येते आणि ती रास्तही असते.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपण घरातली अडगळ काढायला बसतो, पण शेजारी जुने पाने-पकडी घासून-पुसून विकणारा माणूस त्या दिवसाच्या विक्रीवर आठवडा काढतो. आपण पक्कड पन्नास रुपयांना देऊन टाकली, तर त्याच्या शंभरच्या पकडीकडे कोणी वळत नाही. म्हणून आमच्या घरी ठरलेले आहे की शेजाऱ्याकडे जो माल असेल, तो आपण मांडायचा नाही; ठोक भावात घेणार का, असे त्यालाच विचारायचे. बसण्याआधी ‘ही जागा कोणाची आहे का’ असे मुलांनीच विचारावे, कारण वर्षानुवर्षे बसणाऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. मुलांनी ही अदब पाळली, की तीच माणसे त्यांना सुट्टे पैसे देतात, ऊन चढल्यावर आपल्या पालाखाली बसवतात आणि भाव कुठे ताणायचा व कुठे सोडायचा, हेही मायेने सांगतात.

बाजाराच्या वसुलीचे पैसे मुलांच्या हातून भरा आणि पावती जपून ठेवा. संध्याकाळी गल्ल्यात हजार रुपये दिसले की मुलांना ती सगळी कमाईच वाटते. त्यातून रिक्षाभाडे, पावती आणि दुपारचा नाश्ता वजा करायला त्यांनाच बसवा. कायद्याचे म्हणाल, तर बालमजुरीच्या 1986 च्या कायद्यात 2016 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, चौदा वर्षांखालील मूल शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या घरच्या व्यवसायात हातभार लावू शकते. म्हणून शाळा बुडवून नेऊ नका, आणि मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर मुळीच नको. दिवाळीच्या सुट्टीपासून सुरुवात करा. पहिल्या खेपेला मोजकाच माल न्या, चिल्लर भरपूर ठेवा आणि उरलेल्या वस्तू परत आणायच्या की भंगारात किलोवर घालायच्या, हे मुलांनाच ठरवू द्या.