बिल्ला फळीवरच राहिला

प्रश्न : ताई, कणकुंबीजवळच्या ओढ्याची पातळी मोजायला मी एक डबा बसवलाय. आत लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड, आय-टू-सी (दोन तारांवरून चिपांशी बोलायची पद्धत) सेन्सर, बॅटरी. वर सौर पॅनेल. ड्रायव्हर, म्हणजे सेन्सर चालवणारा प्रोग्रॅम, मीच लिहिला. घरी टेबलावर आठवडाभर व्यवस्थित चालला, दर दहा मिनिटांनी मोजून सेन्सर झोपायचा. ओढ्यावर नेला आणि दोन दिवसांत बॅटरी खाली. सेन्सरच्या 'कंट्रोल' फाइलमध्ये 'ऑटो' (काम नसताना आपोआप झोप) आहे, तरी 'रनटाइम_स्टेटस' या फाइलमध्ये कायम 'ॲक्टिव्ह', म्हणजे जागा. आषाढात इथं ऊन कुठलं? मोठी बॅटरी घेऊ का? ड्रायव्हर सोबत जोडलाय.
— एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : बॅटरी घेऊ नका. ड्रायव्हर वाचला, गळती तिथं आहे.

माझे बाबा बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत होते. हवेचा कॉम्प्रेसर सगळ्यांत मिळून एक. त्याच्या खोलीच्या दारावर खिळे मारलेली फळी. ज्याला हवा लागेल त्यानं आपला पितळी बिल्ला अडकवायचा, काम झालं की काढायचा. फळी रिकामी दिसली की कॉम्प्रेसर बंद. एका रात्री ग्राइंडरचं चाक फुटून एका पोराच्या हाताला लागलं. सगळे त्याला घेऊन दवाखान्यात धावले, बिल्ला फळीवरच. कॉम्प्रेसर सकाळपर्यंत चालू!

कर्नलमधलं (लिनक्सच्या गाभ्यातलं) रनटाइम पॉवर मॅनेजमेंट, म्हणजे काम नसलेलं उपकरण झोपवणारी यंत्रणा, या फळीसारखंच आहे. रफाएल विसोत्स्की यांनी ते उभं केलं आणि २००९ च्या डिसेंबरात २.६.३२ आवृत्तीत आलं. प्रत्येक उपकरणामागे एक मोजणी असते: 'गेट' म्हटलं की एक वाढते, 'पुट' म्हटलं की एक घटते. शून्य झाल्याशिवाय झोप नाही. मोजणीऐवजी नुसतं चालू-बंद ठेवलं असतं, तर उपकरण वापरणाऱ्या दोघांपैकी एकाचं काम आटपताच दुसऱ्याच्या हातातलं उपकरण झोपलं असतं.

तुमच्या रीड फंक्शनमध्ये आधी 'गेट' आहे, मग वाचन, शेवटी 'पुट'. मात्र वाचन फसलं तर तुम्ही 'पुट' न करता मधूनच 'रिटर्न' करता, म्हणजे फंक्शनमधून बाहेर पडता. टेबलावर तारा कोरड्या, वाचन फसलंच नाही. ओढ्यावर सांधा भिजला, एकदा फसलं, आणि एकदाच पुरे. मोजणी पुन्हा शून्यावर येत नाही. चूक निस्तरण्याच्या वाटेवरही 'पुट' हवंच.

शेजारी आणखी एक खड्डा आहे, त्यात मीही पडलेय. 'पीएम_रनटाइम_गेट_सिंक' (मोजणी वाढवून उपकरण लगेच उठवणारं 'गेट') फसलं तरी मोजणी वाढवूनच परत येतं. म्हणून कर्नल ५.१० पासून 'पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट' आलं, ते फसल्यास वाढलेली मोजणी स्वतः उतरवतं. तेच वापरा. (उठवण्याचा कॉलबॅकच, म्हणजे कर्नल बोलावतो ते तुमचं फंक्शनच, फसला असता, तर 'ॲक्टिव्ह'ऐवजी 'एरर' दिसलं असतं. तुमचा रोग तो नव्हे.)

एरवी मूल (दुसऱ्या उपकरणामार्फत जोडलेलं उपकरण) जागं असेल तर पालक उपकरणही झोपत नाही. आय-टू-सीचा ॲडॅप्टर, म्हणजे तुमच्या सेन्सरचा पालक, मात्र मुलांकडे मुद्दाम दुर्लक्ष करतो, म्हणून तुमच्याकडे निदान वरची साखळी अडकली नाही.

तुम्ही सेकंदाच्या अंतरानं तीन वाचनं घेता. दरवेळी झोपवून उठवणं महाग, भट्टी दर तासाला विझवण्यासारखं. ऑटोसस्पेंड (शेवटच्या वापरानंतर ठरावीक वेळ थांबून झोप) लावून मुदत २००० मिलिसेकंद ठेवा, 'पुट'च्या जागी 'पुट_ऑटोसस्पेंड', कर्नल जुना असेल तर त्याआधी शेवटच्या वापराची वेळ नोंदवणारं 'मार्क_लास्ट_बिझी'. तिसऱ्या वाचनानंतर दोन सेकंदांनी सेन्सर आपोआप झोपेल.

डबा परत नेण्याआधी टेबलावरच रीड फंक्शनमधून दोनदा मुद्दाम एरर परतवा. मग 'रनटाइम_सस्पेंडेड_टाइम'चा (सेन्सर एकूण किती वेळ झोपला त्याचा) आकडा वाढतोय का बघा.

आणि तारेचा तो सांधा डब्याच्या आत घ्या. जांबोटीच्या पावसात चिकटपट्टी चार दिवस धरत नाही.