ऑक्टोबरअखेर नोकरी गेली. गृहकर्जाच्या हप्त्यांसाठी पीएफ काढू का? कराचं काय?

तुम्ही दिलेली माहिती अशी: हिंजवडीत नोकरी, पगार दीड लाख, सव्वाचार वर्षं सर्व्हिस, 31 ऑक्टोबर 2025 शेवटचा दिवस, एक महिन्याचा नोटीस पे (नोटीस काळाऐवजी मिळालेला पगार), नवी करप्रणाली. मी पेरोलचं काम करतो, असे हिशोब रोजचेच. माझं मत विचाराल तर पीएफला एवढ्यात हात लावू नका. आणि काढायचाच झाला, तर आधी रिलीव्हिंग लेटर (नोकरी सोडल्याचं कंपनीचं पत्र) नीट वाचा, त्यात कारण काय लिहिलंय ते बघा.

पाच वर्षं भरायच्या आत पीएफ काढला की कंपनीचा वाटा आणि व्याज करपात्र होतं. रक्कम 50 हजारांच्या वर असेल तर 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापूनच पैसे हातात येतात. पण कंपनीने कामकाज कमी केलं, बंद केलं किंवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली, तर कायद्यात ही पाच वर्षांची अट लागत नाही. हे फार कमी जणांना माहीत असतं. गोम अशी की कर्मचारी कपात करतानाही एचआरवाले समोर बसवून राजीनामा टाइप करून घेतात आणि कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' टाकायला लावतात. तुमच्याकडूनही तसंच घेतलं असेल, तर पद रद्द झाल्याचं मेलवर लेखी मागा. देतीलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर नक्कीच मिळणार नाही.

आणखी एक. पीएफच्या पासबुकात आधीच्या कंपनीचा मेंबर आयडी (तिथल्या पीएफ खात्याचा नंबर) दिसतोय का? त्यातले पैसे तसेच पडून असतील तर ते ट्रान्सफर करून घ्या. ती सर्व्हिसही धरली जाते, मग पाच वर्षांचा प्रश्न कदाचित मिटेलच.

आता कर. कंपनीने एप्रिलपासून तुमचं उत्पन्न वर्षाला 18 लाख धरून टीडीएस कापला असणार, म्हणजे महिन्याला साधारण साडेबारा हजार, सात महिन्यांचे 88 हजारांच्या आसपास. प्रत्यक्षात मिळाले सात पगार आणि नोटीस पे, एकूण 12 लाख. त्यातून 75 हजारांची स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी सरसकट वजावट) वजा जाता उरतात सव्वाअकरा लाख, आणि 12 लाखांपर्यंत कर शून्य. कापलेले सगळे पैसे तुमचेच आहेत! मात्र ते रिटर्न भरल्यावर, म्हणजे पुढच्या जून-जुलैनंतर येतील. डिसेंबरचा हप्ता त्यांच्या भरवशावर ठेवू नका. शिल्लक रजेचे पैसे मिळाले असतील तर तेही बघा. नोकरी सोडताना मिळणाऱ्या या पैशांना 25 लाखांच्या मर्यादेत, ठरलेल्या हिशोबाने सूट असते, तरी फुल अँड फायनलमध्ये (कंपनीच्या शेवटच्या हिशोबात) त्यावर सर्रास कर कापलेला दिसतो.

जानेवारीत नवी नोकरी लागली तर हे गणित उलटतं. नव्या कंपनीला फक्त तीन महिन्यांचे साडेचार लाख दिसतील, ती काहीच कापणार नाही, आणि जुलैत तुम्हाला तीसेक हजार रुपये व्याजासकट भरावे लागतील. म्हणून रुजू होताना फॉर्म 12बी भरून जुना पगार आणि टीडीएस कळवा. एचआर स्वतःहून मागेलच असं नाही.

शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंड विकून हप्ते भरायचा विचार असेल, तर 12 लाखांपर्यंतची ती करमाफी त्या नफ्यावरच्या कराला लागत नाही. वर्षाच्या आत विकलेल्यावर 20 टक्के कर आहे. एफडी मोडणं परवडेल.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवशीच संपलाय. घरात आईवडील असतील तर पॉलिसीचं काम आधी करा, बाकी सगळं नंतर. आणि बँकेत हप्ता थकायच्या आधी जा. मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, हे विचारताना खातं स्वच्छ असलं की मॅनेजर ऐकून तरी घेतो. 90 दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं, मग बोलणी करायला वसुलीवाले येतात.