सुपारीचा घोडा आणि 1465 चं रेटिंग

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. चौथीत असताना आजोबांकडून बुद्धिबळ शिकला. आता फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघाचं) रेटिंग 1465 आहे. मोबाइलवर रोज तीन-तीन तास खेळतो. त्याचे कोच म्हणतात, शाळा सोडवा, दहावी मुक्त शाळेतून करू द्या आणि आजोबांबरोबरचा देशी डाव आधी बंद करा, सवयी बिघडतात. त्याचे वडील म्हणतात, सोंगट्या हलवून पोट भरतं का? मी काय करू? – एक आई, तासगाव

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात रेटिंगचा आकडा येण्याआधीचा मजकूर मी दोनदा वाचला. सासऱ्यांचा लाकडी पट, हरवलेल्या काळ्या घोड्याच्या जागी ठेवलेली सुपारी, आणि पहिल्याच स्पर्धेत समोरच्या मुलीनं कॅसलिंग (राजा दोन घरं हत्तीकडे सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवायची खेळी) केल्यावर तुमच्या मुलानं पंचांकडे केलेली तक्रार : ‘सर, हिचा राजा दोन घरं गेला!’ पोराची काय चूक? आजोबांच्या देशी खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं, आणि शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारता येते. तो डाव हरून घरी आल्यावर त्यानं तोंड पाडून न बसता आजोबांनाच नवे नियम समजावले, असं तुम्ही लिहिलंय. मला या मुलाबद्दल जे कळायचं ते तिथंच कळलं.

आता रोखठोक बोलतो. मार्च 2024 पासून फिडेच्या यादीतली सर्वांत खालची पायरीच 1400 ची आहे. म्हणजे 1465 हा जिन्याचा पहिला टप्पा. ग्रँडमास्टरला 2500 रेटिंग लागतं, शिवाय नॉर्म, म्हणजे किमान 27 डावांत 2600 च्या तोडीचा खेळ. आपल्याकडचे पहिले ग्रँडमास्टर आनंद, 1988 साली. जुलै 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून नागपूरची दिव्या देशमुख झाली ती 88 वी. सदतीस वर्षांत अख्ख्या देशातून 88, आणि दिव्या पाचव्या वर्षीच पटाशी बसली होती. तुमच्या मुलाला ते जमणारच नाही, असं मी म्हणत नाही. पण त्या भरवशावर शाळा सोडवू नका. कोचना एवढंच विचारा, की त्यांच्या सांगण्यावरून शाळा सोडलेली आधीची मुलं आज काय करतात? उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.

मोबाइलचं म्हणाल तर मला काळजी तासांची नाही, डावांच्या वेळेची आहे. तीन मिनिटांच्या डावात मूल विचार करत नाही, नुसतं आठवतं. हरलं की लगेच पुढचा डाव, आणि हरल्याचं कारण मागच्या डावातच राहून जातं. ॲप काढून टाकू नका, तो मित्राच्या फोनवर खेळेल. रात्री जेवणानंतर अर्धा तास ठरवून द्या. बाकीचा वेळ पटावर, आणि आठवड्यातून दोन डाव तरी तासाभराचे, खेळ्या हातानं वहीत लिहून. हरलेला डाव आधी स्वतः तपासायचा, कुठं घसरलो ते पेन्सिलीनं खुणावायचं, आणि मगच कॉम्प्युटरला विचारायचं. हा क्रम मोडला की शिकणं थांबतं. उत्तर आधी दिसलं की मुलांना वाटतं, हे तर आपल्याला येतच होतं.

त्याला खेळ आवडतो की फक्त जिंकणं, हे तुम्ही घरीच बघू शकाल. तुम्हाला खेळता येत नाही, हरकत नाही. मांडता तर येईल. पांढरं प्यादं मधल्या एखाद्या उभ्या पट्टीत, पांढऱ्याच्या बाजूनं मोजून पाचव्या ओळीत ठेवा, पांढरा राजा त्याच्या लगेच पुढच्या घरात, सहाव्या ओळीत. काळा राजा त्याच पट्टीत शेवटच्या ओळीत. बाकी पट रिकामा. खेळी कुणाचीही असली तरी पांढरा जिंकतो. आता हेच तिन्ही मोहरे उचलून अगदी कडेच्या पट्टीत तसेच मांडा. डाव बरोबरीत सुटतो. उत्तर त्याला पाठ असेल, विचारायचं ते ‘का?’ तो ‘असंच असतं’ म्हणून उठला, तर कोचची फी वाढवायची घाई नको. पण आजोबांना हाक मारून, राजा इकडून तिकडून नेऊन दाखवत तासभर गुंतला, तर त्या तासात त्याला गणिताला बस म्हणू नका.

त्याच्या वडिलांसाठी थोडं. नुसतं खेळून पोट भरणारे मोजकेच. रेल्वे आणि पेट्रोलियम कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देतात, पण राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्यांना. पंचगिरी आणि प्रशिक्षण या वाटा मात्र ग्रँडमास्टर न होताही खुल्या असतात. दोन्हींसाठी परीक्षा आहेत. आणि प्रशिक्षण म्हणजे दुय्यम काम असं मनात असेल तर ते काढून टाका. 2024 च्या बुडापेस्ट बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते. ते स्वतः ग्रँडमास्टर, पण त्या स्पर्धेत त्यांनी एकही डाव खेळला नाही. शालेय स्पर्धांतल्या कामगिरीवर दहावीला सवलतीचे गुण मिळतात, त्याची नियमावली शाळेतल्या क्रीडाशिक्षकांकडून आत्ताच समजून घ्या. ऐन वेळी प्रमाणपत्रासाठी धावाधाव होते.

आणि तुमच्या जिल्ह्यात सांगली आहे हो! भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं, ते तिथंच. तासगावहून एसटीनं जाऊन मोठ्या माणसांबरोबर बसून हरण्याची सोय असताना दूरच्या शिबिरांवर पैसे कशाला?

रेटिंग वरखाली होईल. त्याच्या वयात आणि पातळीवर बरोबरीच्या खेळाडूकडून एक डाव हरला की 20 गुण जातात, तेव्हा महिन्याभराच्या घसरणीवर घरात बैठक बसवू नका. वर्षभरात 1700 च्या आसपास पोचला, तर पुन्हा लिहा; तेव्हा प्रश्न वेगळा असेल आणि माझं उत्तरही. नाही पोचला तरी दहावी होईल, खेळ चालू राहील.

देशी डाव बंद करायचा नाही. त्यानं सवयी बिघडतात, हे मला पटत नाही. दोन नियमांनी खेळणारं मूल प्रत्येक खेळीला ‘इथं हे चालतं का?’ असं थांबून बघतं, आणि तीन मिनिटांचे डाव नेमकं तेच थांबणं खातात. फक्त स्पर्धेच्या आदल्या दिवशी नको, नाहीतर राजा घोड्याची उडी मारेल आणि या वेळी पंचांना हाक समोरची मुलगी मारेल.

दिवाळीनंतर त्याच्या वहीतले तीन डाव मला पाठवा. त्यातले दोन हरलेले हवेत.