पाऊचच्या तोंडाशी नळी अडते, बारीक नळी वापरत राहू का?

तुम्ही लिहिलंय की कॉक पाऊच (मोठं आतडं काढल्यावर लहान आतड्याचीच पोटाच्या आत केलेली थैली, जी पोटावरच्या छोट्या तोंडातून नळी घालून रिकामी करायची) होऊन सात वर्षं झाली, गेल्या काही महिन्यांपासून ३० नंबरची नळी तोंडाशीच अडते, म्हणून तुम्ही २८ आणि मग २४ वर आलात, आणि आता तीही घट्ट बसते. घरच्या घरी काय करता येईल, असं विचारलंय.

माझा पाऊच चौदा वर्षांचा आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा आजार) मोठं आतडं काढलं तेव्हाच तो केला. नवव्या वर्षी मी अगदी तुमच्यासारखीच, एकेक नंबर उतरत २४ वर आले होते. त्यामुळे आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं मग सवडीने वाचा: सर्जनची वेळ याच आठवड्यात घ्या. बारीक नळीने दिवस निभावतो, पण आकसणं तसंच चालू राहतं आणि आपल्याला ते कळेनासं होतं. मी दीड वर्ष असं काढलं, आणि शेवटी एका रात्री कुठलीच नळी आत जाईना.

नळीवरचा नंबर म्हणजे फ्रेंच माप. तीन नंबर म्हणजे एक मिलिमीटर. ३० ची नळी १० मिलिमीटर जाड, २४ ची ८. दोन मिलिमीटरचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही. पण ढोबळ हिशेब केलात तर वाट एक तृतीयांशाहून जास्त कमी झालेली असते. पाऊचमधलं घट्टसर त्या वाटेने येतच नाही. पूर्वी मला पाऊच रिकामा करायला पाच-सात मिनिटं पुरायची. २४ वर आल्यावर वीस-पंचवीस मिनिटं लागायला लागली, त्यातही दोनदा सिरिंजने पाणी घालून ढवळावं लागायचं. मी दोष खाण्याला दिला, कमी पाणी पिण्याला दिला, सगळ्याला दिला, फक्त तोंडाकडे पाहिलं नाही.

आता नळी अडते कुठे, ते नीट बघा, कारण त्यावरच पुढचं सगळं ठरतं. आपल्या पाऊचमध्ये अडण्याच्या जागा दोन. पहिली कातडीच्या पातळीवर, म्हणजे तोंडच. दुसरी आत, साधारण पाच सेंटिमीटरवर, जिथे झडप आहे. नील्स कॉक या स्वीडिश सर्जननी १९६९ मध्ये हा पाऊच मांडला. पुढे त्यात आतड्याचाच एक तुकडा उलटा आत ढकलून झडप करायला लागले, म्हणून आपण पोटावर बाहेरून पिशवी न लावता फिरू शकतो. झडपेपाशी थोडा अडथळा लागणं आणि हलक्या दाबाने नळी पुढे सरकणं हे नेहमीचंच. पण झडप जागची सरकली तर नळी तोंडातून सहज आत जाते, पाच-सहा सेंटिमीटरवर जाऊन टेकते, वाकडीतिकडी वळवावी लागते, आणि बरेचदा पाऊच गळायलाही लागतो. तोंड आकसलं असेल तर उलट: नळीचं टोक कातडीशीच धरलं जातं, एक कडक कडं लागतं, आणि ते कडं ओलांडलं की पुढे सगळं सुरळीत. गळतीही सहसा नसते. तुमच्या वर्णनावरून दुसरा प्रकार वाटतो. तो दोन्हींत सोपा. झडपेचं काम म्हणजे पोट उघडून मोठं ऑपरेशन असू शकतं, तोंडाचं काम बहुतेक वेळा पोट न उघडता, कातडीपाशीच होतं. पण हे ठरवायचं सर्जननी, आत कॅमेरा घालून, माझ्या सांगण्यावरून नाही.

तोंड का आकसतं? तिथे आतडं कातडीला शिवलेलं असतं आणि ती शिवण गोल असते. गोल जखम भरून आली की तिचा वण आतल्या बाजूला ओढला जातो, पिशवीची नाडी ओढावी तसा. तिथला रक्तपुरवठा कमी पडला, सुरुवातीला टाके उसवून जखम हळूहळू भरली, किंवा वजन वाढून पोटाची जाडी बदलली, तर हे जास्त होतं. आपलं तोंड मुळातच लहान आणि कातडीच्या सपाटीला असतं, त्यामुळे जरा आकसलं तरी नळी अडते. तुम्ही काही चुकीचं केलंत म्हणून हे झालेलं नाही. मला हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर मी लपवलं नसतं. क्रोन्स आजारातही (आतड्याला सूज आणणारा दुसरा एक आजार) तोंड अरुंद होऊ शकतं, म्हणून ऑपरेशननंतरही परत परत आकसत राहिलं तर तुकडा तपासायला पाठवा, असा आग्रह धरा.

ती रात्र थोडी सांगते, कारण तुम्हालाही अशी रात्र येऊ शकते. अडीच वाजले होते. न्हाणीघरात स्टुलावर बसून मी २४ ची नळी लावत होते. जेल लावलं, दाबलं, गेली नाही. पुन्हा जेल, पुन्हा दाब. प्रत्येक वेळी तोंड जास्तच लाल होत होतं आणि नळीच्या टोकाला रक्ताचा पुसट डाग यायला लागला होता. पाऊच इतका भरला होता की डाव्या हाताखाली पोट टणक लागत होतं. मला घाम फुटला, आणि घाबरले तसं पोट आणखीच आवळलं गेलं. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "आता दाबू नकोस, खाली झोप." मी तिथेच फरशीवर टॉवेल टाकून आडवी झाले, गुडघे वर घेतले, आणि दहा मिनिटं नळीला हात लावला नाही. त्यानंतरही ती गेली नाही, पण निदान मी स्वतःला आणखी जखम करणं तरी थांबलं.

पहाटे हॉस्पिटलात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी कॉक पाऊच कधी पाहिला नव्हता, ते पिशवी कुठे आहे म्हणून विचारत राहिले. माझ्या सर्जनचं पत्र पाकिटात होतं म्हणून वेळ वाचला. सर्जन आले, १६ नंबरची मऊ नळी अलगद आत सरकवली, टेपने चिकटवली आणि पुढे पिशवी जोडून पाऊच वाहू दिला. पहिल्या दहा मिनिटांत पोट मऊ पडलं.

म्हणून आजच दोन गोष्टी करून ठेवा. एक पत्र, ज्यात पाऊच कुठला आहे, झडप आहे, नळी किती नंबरची आणि किती आत जाते, सर्जनचा फोन काय, हे लिहिलेलं असेल. आणि १६ किंवा १८ ची एक मऊ नळी जवळ असावी की नाही, हे सर्जनना विचारून ती जवळ ठेवा. ही रोजच्या वापराची नाही, फक्त अडल्या वेळेची.

वेळ मिळेपर्यंत काय करायचं? पाण्यात विरघळणारं जेल भरपूर लावा, नळीलाच नाही तर तोंडालाही, आणि मिनिटभर थांबा. उभ्याने किंवा बसून जात नसेल तर आडवं होऊन गुडघे वर घ्या. नळी तोंडाशी टेकवून लांब श्वास सोडा आणि श्वास सुटतानाच हळू पुढे सरकवा. गोल फिरवत नेली तरी चालते, पण जोर नको. पाऊच फार भरू देऊ नका, भरलेल्या पोटाने तोंडावरचा ताण वाढतो. मी त्या काळात चार ऐवजी सहा वेळा रिकामा करत असे. अन्न अगदी बारीक चावून खा, कारण अरुंद नळीत सगळ्यात आधी अडकतो तो न चावलेला तंतुमय तुकडा.

आणि हे मात्र करू नका: बोट, पेन, तार, कडक प्लास्टिक, काहीही आत घालून तोंड मोठं करायला जाऊ नका. सर्जननी शिकवलेलं ताणणं वेगळं, आपणच केलेलं वेगळं. माझंही ऑपरेशनच्या आधी एका दवाखान्यात धातूच्या सळ्यांनी जोरात ताणून झालं होतं. दोन महिने बरं वाटलं, मग आधीपेक्षा घट्ट झालं. फाटलेल्या जागी नवा वण येतो आणि तोही आकसतो. हलकं, नेमाने केलेलं ताणणं काहींना उपयोगी पडतं, पण दर खेपेला रक्त येत असेल तर ते उपयोगी पडत नाहीये.

नळी काही तास आत गेलीच नाही, पोट फुगून दुखायला लागलं, मळमळ किंवा उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. खाणं-पिणं थांबवा आणि निघा. (लघवीचा पाऊच असलेलं कुणी हे वाचत असेल, तर तुमचं तोंडही असंच आकसतं, पण तुम्ही आणखी लवकर निघा. तुंबलेली लघवी मूत्रपिंडांवर दाब आणते आणि पाऊच फुटण्याचाही धोका असतो.)

माझं काम अखेर कसं झालं ते सांगते, कारण तुम्ही बहुधा ऑपरेशनच्या धास्तीनेच थांबला आहात. मीही त्यासाठीच थांबले होते. मला वाटत होतं की पुन्हा पोट उघडणार, पाऊच जाणार, आयुष्यभर पिशवी. प्रत्यक्षात फक्त ती जागा बधिर केली. सर्जननी वणाचं कडं गोल कापून काढलं, आतड्याची कड थोडी वर ओढली आणि चांगल्या कातडीला नव्याने शिवली. मी जागी होते, छताकडे बघत नर्सशी बोलत होते. अर्ध्या तासात झालं, संध्याकाळी घरी. टाके भरेपर्यंत नळी आतच ठेवली होती, ती काढल्यावर सर्जननी ३० ची नळी माझ्याच हातात दिली. मी सवयीने दाब द्यायला गेले आणि ती आपोआप आत गेली. मला रडू आलं.

सगळ्यांचं इतक्यावर भागतंच असं नाही. काहींना आतला भागही सोडवावा लागतो, काहींना काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं. पण लवकर गेलात तर कडं पातळ असतं आणि वर ओढायला आतडं शिल्लक असतं.

जाताना हे घेऊन जा: कधी कुठला नंबर चालत होता, त्याच्या तारखा. एकदा रिकामा करायला लागणारा वेळ. रक्त कधी आलं. गळती आहे का. वापरताय त्या सगळ्या नळ्या. आणि सरळ विचारा: "अडथळा कातडीला आहे की झडपेला? ताणून भागेल की कडं कापावं लागेल? तुम्ही असे पाऊच किती हाताळलेत?" शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. कॉक पाऊच आता फार कमी ठिकाणी होतो, आणि ज्या सर्जननी तो पाहिलाच नाही ते पिशवीच्या स्टोमाचे (पोटावर बाहेर काढलेल्या, पिशवी लावायच्या आतड्याच्या तोंडाचे) नियम याला लावतात. तुमचं ऑपरेशन जिथे झालं तिथे फोन करणं सगळ्यात बरं.

मी आता दर महिन्याच्या एक तारखेला ३० ची नळी घालून बघते आणि डायरीत एका शब्दात लिहिते: सैल, ठीक, घट्ट. दोनदा लागोपाठ "घट्ट" आलं की फोन. गेल्या पाच वर्षांत असा फोन एकदाच करावा लागला, आणि तेव्हा काही दिवस रात्री नळी आत ठेवून झोपल्यावर काम भागलं.

वेळ मिळाली की इथे कळवा. रिपोर्टमधलं काही समजलं नाही तर तेही लिहा, मी रोज रात्री बघते.